ग्रामपंचायतीच्या निकालात घोळ वाटला तर तहसीलदार निवडणूक रद्द करतो, हे खरंय का?

कोकणात दर ग्रामपंचायत निवडणुकीनंतर हे फिरतंच, की मतमोजणीत गडबड वाटली तर तहसीलदाराला अर्ज द्या, निवडणूक रद्द. नाही होत हो! एकदा निकाल जाहीर झाला की तहसीलदार, कलेक्टर कुणाच्याच हातात ते राहत नाही, आणि दिल्लीच्या निवडणूक आयोगाचा तर इथे संबंधच नाही, या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 15 प्रमाणे जायचं कोर्टात, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे, आणि तेही निकालापासून 15 दिवसांत. उमेदवारच पाहिजे असं नाही, तिथे मत द्यायचा हक्क असलेला कुणीही जाऊ शकतो. आमचे चाकरमानी मतदानाला येतात, निकालावर पारावर तावातावाने भांडतात आणि तुतारी एक्सप्रेस पकडून मुंबईला, मग महिन्याने आठवण येते की अर्ज करायचा होता, तोवर मुदत गेलेली!

अजून एक, अधिकाऱ्याची नुसती चूक, त्यात भ्रष्ट हेतू नसेल, तर तेवढ्यावर कोर्टसुद्धा निवडणूक रद्द करत नाही, हेही त्याच कलमात आहे. मला स्वतःला हे जरा जास्तच सैल वाटतं.