व्हिडिओ गेम व ई-स्पोर्ट्समधील बौद्धिक संपदा

व्हिडिओ गेमची आज्ञावली, दृश्ये, पात्रे, संगीत, नाव इत्यादींवरील प्रताधिकार (कॉपीराइट), व्यापारचिन्ह व तत्सम हक्क. बहुतेक देशांच्या कायद्यांत व्हिडिओ गेम असा वेगळा वर्ग नाही. त्यामुळे त्यास साहित्यकृती (आज्ञावली) मानावे की चित्रपटासारखी दृक्‌श्राव्य कृती, हा वाद साधारणतः १९८० च्या सुमारापासून चालत आला आहे.

अमेरिकेतील ‘स्क्रॅम्बल’ या गेमच्या नकलेविरुद्धच्या खटल्यात (१९८२) प्रतिवादीचे म्हणणे असे, की पडद्यावरचे चित्र खेळाडूगणिक बदलते, तेव्हा कृतीला स्थिर रूपच नाही. यानांचे आकार, त्यांच्या हालचाली व आवाज दर डावात पुन्हापुन्हा तेच येतात, एवढे न्यायालयाला संरक्षणासाठी पुरेसे वाटले. ‘ब्रेकआउट’ या गेमला मात्र प्रताधिकाराची नोंदणीच मिळेना, विटांच्या रांगा, एक फळी आणि चेंडू यांत सर्जन ते काय, अशी प्रताधिकार कार्यालयाची भूमिका होती. अपील न्यायालयाच्या तत्कालीन न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी हा नकार १९८९ मध्ये व पुन्हा १९९२ मध्ये फेरविचारार्थ परत पाठविला. यूरोपीय संघाच्या न्यायालयाने निन्टेन्डो या गेम-कंपनीच्या प्रकरणात (२०१४) व्हिडिओ गेम म्हणजे निव्वळ आज्ञावली नव्हे, असे म्हटले. ते अधिक सयुक्तिक दिसते.

खेळाच्या नियमांवर प्रताधिकार नसतो. तरीही ‘टेट्रिस’ या ठोकळे रचण्याच्या गेमच्या नकलेविरुद्धच्या अमेरिकी निकालात (२०१२) ठोकळ्यांचे रूप आणि २० ओळी व १० स्तंभांची चौकट संरक्षित ठरली. भारतात खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही [पेटंट अधिनियम, १९७०, कलम ३ (एम)]. ‘स्क्रॅब्युलस’ या ऑनलाइन शब्दखेळाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने (२००८) ‘स्क्रॅबल’ या मूळ खेळाच्या पटावरील प्रताधिकाराचा दावा प्रथमदर्शनी मान्य केला नाही. नाव वापरण्यास तेवढी मनाई केली.

ई-स्पोर्ट्स : म्हणजे व्हिडिओ गेमचे स्पर्धात्मक सामने. क्रिकेट कोणाच्या मालकीचे नाही, येथे खेळच कंपनीचा असतो. दक्षिण कोरियात केस्पा या ई-स्पोर्ट्स संघटनेने २००७ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ (१९९८) या गेमच्या सामन्यांचे प्रक्षेपण-हक्क विकले, त्याला निर्मात्या ब्लिझार्डने हरकत घेतली. वाद २०११ मध्ये तडजोडीने मिटल्याने मूळ प्रश्न अनिर्णित राहिला.

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील प्रयोगकर्त्याच्या (परफॉर्मर) व्याख्येत नट, गायक यांच्या पंक्तीला जादूगार व गारुडीही आहेत. ई-स्पोर्ट्स खेळाडू नाही. ‘प्रयोग सादर करणारी अन्य कोणतीही व्यक्ती’ या अर्थाच्या शब्दांत त्याला कदाचित बसविता येईल. व्यवहारात सामन्याचे प्रक्षेपण कोणी व कसे करावे, हे बहुधा कंपनीच्या परवाना-करारावरच ठरते.