नुसती निवड पुरत नाही

जो टिकला तो जगला, झाली उत्क्रांती, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय, पण ही अर्धीच गोष्ट आहे आणि उरलेली अर्धी, म्हणजे टिकलेल्यांचा गुण पिल्लांत उतरतो का, ती मला जास्त भारी वाटते.

पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांमध्ये डॅफ्ने मेजर नावाचं एक छोटंसं बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे नवरा-बायको १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांना पकडून, पायात कडी अडकवून त्यांच्या चोची मोजत होते. १९७७ मध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मऊ बारीक बिया आधी संपल्या, मग उरली ती सराट्याच्या जातीतली काटेरी टणक फळं, आणि ती फोडायची तर चोच जाड पाहिजे, ज्यांची बारीक ते बरेचसे उपाशी मेले. शंभरातले जवळपास ८५ पक्षी गेले. वाचलेल्यांची चोच सरासरी अर्धा मिलिमीटर जाड भरली. अर्धा मिलिमीटर म्हणजे आपल्या नखाची जाडी, बस!

पण इथपर्यंत झाली ती फक्त निवड. खरी गंमत १९७८ मध्ये, कारण त्या साली जन्मलेल्या पिल्लांच्या चोचीही दुष्काळाआधीच्या सरासरीपेक्षा जाड निघाल्या. चोचीतला फरक नुसता खाण्यापिण्यामुळे पडला असता तर एवढे पक्षी मरूनही पुढची पिढी होती तिथेच राहिली असती.

गटात जो फरक दिसतो त्यातला किती भाग जीन्समुळे, त्या आकड्याला हेरिटेबिलिटी म्हणतात. तो ० ते १ मध्ये असतो आणि तो गटाचा असतो, एका माणसाचा नाही, इथेच बहुतेकांची गल्लत होते. हाताला पाच बोटं येणं हे जीन्सचंच काम, पण ज्यांना कमी आहेत त्यांची बहुतेक अपघातात गेलेली, म्हणून बोटांच्या संख्येची हेरिटेबिलिटी जवळजवळ शून्य!

ब्रीडिंग करणारे याच आकड्यावर चालतात. निवडलेली जनावरं कळपाच्या सरासरीपेक्षा १० किलोने जड आणि हेरिटेबिलिटी ०.३ असेल तर पुढच्या पिढीत साधारण ३ किलोच वाढतात, बाकीचं बरंचसं चाऱ्याचं आणि नशिबाचं, ते वारशात येत नाही.

अमेरिकेत इलिनॉयमध्ये १८९६ पासून मक्याच्या दाण्यातलं तेल वाढवायला दरवर्षी जास्त तेलाची कणसं निवडत गेले. सुरुवातीला तेल ५ टक्क्यांच्या आत होतं, शंभर पिढ्यांनी २० टक्क्यांच्या आसपास. मधेच एका शाखेत निवड उलटी फिरवली तर तेल परत उतरायला लागलं, म्हणजे इतक्या पिढ्या एकाच दिशेने निवडूनही जीन्समधला फरक संपलेला नव्हता.