मुलांसाठी मैत्रीची आणि माणुसकीची पुस्तके निवडताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सहा-सात वर्षांची मुले चित्रांच्या पुस्तकांकडून प्रकरणांमध्ये विभागलेल्या लांब गोष्टींकडे, म्हणजे सर्रास ज्यांना चॅप्टर बुक म्हटले जाते त्यांच्याकडे, वळू लागतात तेव्हा पालक आणि शिक्षक आमच्याकडे बहुधा एकच मागणी घेऊन येतात : मूल दुसऱ्यांशी आपुलकीने वागायला शिकेल आणि मित्र कसे जोडावेत व टिकवावेत हे त्याला कळेल, असे काहीतरी द्या. मागणी रास्त आहे. मात्र मलपृष्ठावरचा मजकूर वाचून अशी निवड करता येत नाही, कारण मैत्री, प्रेम आणि दयाळूपणा हे शब्द आता जवळपास प्रत्येक बालपुस्तकाच्या मलपृष्ठावर आढळतात. पुस्तक हातात घेतल्यावर नेमके काय तपासावे, याविषयी आम्ही स्वतः पुस्तके निवडताना जे पाहतो ते या पत्रकात मांडले आहे.

मधली प्रकरणे आधी वाचावीत

मैत्रीच्या गोष्टींची सुरुवात आणि शेवट बहुधा सारखेच असतात. दोघांची ओळख होते, काहीतरी बिनसते आणि अखेरच्या प्रकरणात दोघे पुन्हा एकत्र येतात. पुस्तकाचा खरा कस लागतो तो मधल्या पानांत. कोणी कोणाला दुखावले, आपण दुखावले आहे हे त्याच्या लक्षात कसे आले, आणि लक्षात आल्यावर त्याने काय केले, हे लेखकाने सावकाश आणि पटेल असे दाखवले आहे का, हे पाहावे. ज्या पुस्तकात टोमणे, कंपूबाजी आणि अबोला यांना सारी पाने मिळतात आणि समेट अर्ध्या पानात उरकला जातो, ते पुस्तक शेवट कितीही गोड असला तरी प्रत्यक्षात भांडणाचेच पाठ देते. मुले खुसखुशीत टोमणे फार लवकर उचलतात. घाईघाईने मागितलेली माफी त्यांच्या लक्षातही राहत नाही. म्हणून आमचा पहिला सल्ला असा की पुस्तक उघडून मधोमध येणारी सलग दोन प्रकरणे वाचावीत आणि त्यानंतरच पहिल्या पानाकडे जावे.

२०१२ साली प्रसिद्ध झालेली ‘वंडर’ ही आर. जे. पलासिओ यांची कादंबरी या बाबतीत चांगले उदाहरण आहे. चेहऱ्याच्या जन्मजात व्यंगामुळे आजवर घरीच शिकलेला ऑगी प्रथमच शाळेत जातो आणि तेथे त्याला जॅक नावाचा मित्र मिळतो. पुढे हाच जॅक इतर मुलांसमोर त्याच्याविषयी अत्यंत लागट बोलतो आणि वेषांतर केलेला ऑगी ते तेथेच उभा राहून ऐकतो. यानंतर कथनाचा एक भाग जॅकच्या तोंडी येतो. ऑगी आपल्याला का टाळतो आहे हे जॅकला बराच काळ कळत नाही, एका मैत्रिणीने दिलेल्या त्रोटक खुणेवरून त्याला एकाएकी उलगडा होतो आणि मग माफी मागताना, आपण असे का बोललो याचे धड उत्तर आपल्याकडेही नाही, हे त्याला मान्य करावे लागते. दुखावणारा मुलगा मुळात वाईट नव्हता, आणि तरीही त्याने केले ते वाईटच होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे उपदेशाने समजावता येत नाही. पुस्तकाला ते जमते.

पाहत राहिलेल्या मुलाची बाजू

मैत्रीविषयीच्या पुस्तकांत एक छळणारे मूल आणि एक छळले जाणारे मूल असते. वाचणारे मूल मात्र अनेकदा या दोघांपैकी कोणीच नसते. ते बाजूला उभे राहून पाहणारे तिसरे मूल असते आणि त्याच्याविषयी लिहिणारे लेखक थोडे आहेत. एलिनॉर एस्टिस यांचे ‘द हंड्रेड ड्रेसेस’ हे १९४४ सालचे छोटेसे पुस्तक आम्ही आजही आग्रहाने सुचवतो ते याच कारणासाठी. वांडा ही पोलिश आडनावाची गरीब मुलगी रोज एकच विटका निळा झगा घालून शाळेत येते आणि आपल्या घरी शंभर झगे आहेत असे सांगते. त्यावरून पेगी तिची रोज थट्टा करते, तर पेगीची मैत्रीण मॅडी शेजारी उभी राहते आणि गप्प बसते. मॅडी स्वतःही गरीब आहे, आपण तोंड उघडले तर उद्या थट्टेचा रोख आपल्याकडे वळेल ही तिची भीती खरी आहे, आणि लेखिका ती भीती कोठेही हास्यास्पद ठरवत नाही. ते शंभर झगे म्हणजे वांडाने काढलेली सुंदर चित्रे होती, हे वर्गाला कळते तोवर तिचे कुटुंब गाव सोडून शहरात निघून गेलेले असते. मॅडी आणि पेगी तिला पत्र लिहितात, पुढे वांडाचे मनमोकळे उत्तरही येते, परंतु समोरासमोर माफी मागण्याची संधी गेली ती गेलीच. यापुढे आपण असे गप्प उभे राहणार नाही, हे मॅडीने स्वतःशी ठरवणे हाच या गोष्टीतला बदल आहे.

काही पालकांना असा शेवट अपुरा वाटतो आणि पुस्तक परत करावेसे वाटते. आमचे मत वेगळे आहे. उशीर झाल्यामुळे काही गोष्टी पूर्ववत होत नाहीत, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सोसते. अट एवढीच की ते वाचताना घरातले कोणीतरी मोठे माणूस गप्पांसाठी हाताशी असावे.

सोशिकपणा म्हणजे दयाळूपणा नव्हे

जे पुस्तक चांगल्या मुलाला केवळ सोसायला लावते, त्याच्यापासून सावध राहावे. नायिका प्रत्येक वेळी पडते घेते, आपली पाळी, आपली वस्तू, आपला हट्ट सोडून देते आणि शेवटी तिला छळणारी मुलगीच तिची जिवलग मैत्रीण होते, असा साचा जुन्याच नव्हे तर नव्या पुस्तकांतही वारंवार आढळतो. यातून मुलांच्या मनावर ठसते ते एवढेच की पुरेसे सोसले की समोरचा बदलतो. प्रत्यक्षात तसे होईलच असे नाही. चांगल्या पुस्तकातली मुले नाही म्हणतात, रागावतात, मोठ्या माणसाची मदत मागतात आणि प्रसंगी एखादी मैत्री संपवतातही. अशी मैत्री संपल्यानंतर लेखकाने कोणालाही खलनायक ठरवले नसेल, तर ते पुस्तक आवर्जून घ्यावे.

दया आणि आदर यांतला फरकही असाच तपासावा लागतो. अपंग, गरीब किंवा परक्या भाषेचे मूल गोष्टीत येते तेव्हा त्याला स्वतःची आवड, स्वतःचा विनोद आणि स्वतःचे दोष आहेत का, की नायकाचे मन किती मोठे आहे हे दाखवण्यापुरतेच ते आणले आहे, हे पाहावे. मराठी वाचकांच्या ओळखीच्या ‘तोत्तोचान’ या तेत्सुको कुरोयानागी यांच्या १९८१ सालच्या आठवणींत एक लहानसे प्रकरण आहे. शाळेतल्या प्रत्येक मुलाचे एक झाड ठरलेले असते. पोलिओमुळे हातापायांत बळ नसलेल्या यासुआकीला तोत्तोचान आपल्या झाडावर पाहुणा म्हणून बोलावते आणि शिडी ओढून आणून, त्याला ढकलत, ओढत, घामाघूम होऊन वर पोहोचवते. ती त्याची कीव करत नाही. झाडावर येणे हा त्याचाही हक्क आहे असेच ती मानून चालते, आणि वर पोहोचल्यावर दोघे नेहमीच्या मित्रांसारख्या गप्पा मारू लागतात. अमेरिकन अभ्यासिका रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये बालसाहित्याविषयी लिहिताना असे म्हटले होते की पुस्तक कधी स्वतःला दाखवणारा आरसा असते, कधी दुसऱ्यांचे जग दाखवणारी खिडकी आणि कधी पलीकडे नेणारे सरकते काचेचे दार. मैत्रीची पुस्तके निवडताना आपल्या कपाटात सगळे आरसेच जमलेले नाहीत ना, एवढे अधूनमधून पाहावे.

उपदेश किती असावा

याबाबत दोन प्रयोग उपयोगी आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते सात वर्षांच्या मुलांना खरेपणाविषयीच्या वेगवेगळ्या जुन्या गोष्टी ऐकवण्यात आल्या. खोटे बोलल्याबद्दल शिक्षा होते अशा गोष्टींनी मुलांच्या वागण्यात फरक पडला नाही. खरे बोलल्याबद्दल शाबासकी मिळते अशा गोष्टीने मात्र पडला, आणि त्याच गोष्टीचा शेवट बदलून तो नकारात्मक केल्यावर हा परिणाम नाहीसा झाला. खोटेपणाविषयीचा हा निष्कर्ष मैत्रीला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही दुष्ट वागणाऱ्याची फजिती रंगवणाऱ्या पुस्तकापेक्षा चांगुलपणातला आनंद दाखवणारे पुस्तक आम्ही पुढे ठेवतो.

टोरांटोच्या संशोधकांचा २०१७ चा दुसरा अभ्यास वाटून घेण्याच्या गोष्टींविषयी होता. माणसांची पात्रे असलेली गोष्ट ऐकल्यानंतर चार ते सहा वर्षांच्या मुलांनी आपले अधिक स्टिकर दुसऱ्यांसाठी दिले. तीच गोष्ट माणसांसारख्या वागणाऱ्या प्राण्यांची केल्यावर तसे घडले नाही. हे वाचून काही ग्राहकांनी प्राण्यांच्या गोष्टी घेणेच बंद केले, पण ते आम्हाला पटत नाही. तो प्रयोग लहान मुलांवर, एका छोट्या चित्रगोष्टीवर आणि लगेच दिसणाऱ्या परिणामापुरता होता, आणि मैत्रीविषयीची काही उत्कृष्ट पुस्तके प्राण्यांचीच आहेत. अर्नोल्ड लोबेल यांच्या ‘फ्रॉग अँड टोड आर फ्रेंड्स’ (१९७०) मध्ये टोडला कधीच कोणाचे पत्र येत नाही म्हणून तो खिन्न असतो. फ्रॉग त्याला पत्र लिहितो, पण ते नेमके गोगलगाईच्या हाती देतो. शेवटी त्याला पत्रातला मजकूर आधीच सांगून टाकावा लागतो आणि मग दोघे आनंदाने चार दिवस त्या पत्राची वाट पाहत बसतात. स्वतः वाचू लागलेल्या मुलासाठी यात एकही बोधवाक्य नाही, आणि मित्राला आज काय हवे आहे हे ओळखणे म्हणजे काय, ते सगळे आहे.

वय, लांबी आणि दु:ख

छापील वयोगटावर फार विसंबू नये. मुलाला मधले एखादे पान वाचायला द्यावे. त्यात पाच किंवा अधिक शब्द अडले तर ते पुस्तक सध्या त्याने एकट्याने वाचण्याजोगे नाही असे ढोबळपणे समजावे. तेच पुस्तक मोठ्याने वाचून दाखवता येते, कारण बहुतेक मुलांना वाचून जेवढे समजते त्याहून बरेच अधिक ऐकून समजते. नुकतीच वाचू लागलेली मुले असतील तर लहान प्रकरणे, मोठा टाइप आणि ओळींमध्ये मोकळी जागा हवी. एवढे पुरे.

अधिक विचार करावा लागतो तो दु:खाचा. ई. बी. व्हाइट यांच्या ‘शार्लट्स वेब’ (१९५२) मध्ये विल्बर या डुकराला वाचवण्यासाठी शार्लट ही कोळीण आपल्या जाळ्यात शब्द विणते आणि पुस्तक संपता संपता ती मरते. मैत्रीसाठी इतके सुंदर पुस्तक विरळाच. पण घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर हे आधी ठाऊक असलेले बरे. याच पुस्तकातला टेम्पलटन हा उंदीर प्रत्येक मदतीची किंमत वसूल करतो आणि शेवटपर्यंत सुधारत नाही, हेही आम्हाला आवडते. सगळ्याच सोबत्यांना संत करण्याची गरज नसते.

मालिकांविषयी एक इशारा द्यायला हवा. मालिकेतल्या नायकाचा उद्धटपणा किंवा खोडकरपणा हाच पुष्कळदा तिचा आधार असतो, त्यामुळे एका भागात तो जे शिकतो ते पुढच्या भागाच्या पहिल्या पानावर पुसले गेलेले असते. पहिला भाग आवडला म्हणून सगळा संच एकदम घेऊ नये. तिसरा किंवा चौथा भाग चाळून नायक एवढ्यात कोठवर पोहोचला आहे ते पाहावे.

पुस्तक वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नये. ‘तू तिच्या जागी असतास तर गप्प बसला असतास का?’ असा एखादा खराखुरा प्रश्न पुरतो, आणि मुलाने उत्तर टाळले तर तेथेच थांबावे.

आमच्याकडे पुस्तक निवडण्यासाठी मदत हवी असल्यास मुलाचे वय, त्याने अलीकडे स्वतःहून पूर्ण केलेले एक पुस्तक आणि अर्ध्यावर सोडलेले एक पुस्तक, एवढे आम्हाला सांगावे. अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकाचा आम्हाला अधिक उपयोग होतो. शाळेत एकटे पडणे, जवळचा मित्र दुरावणे किंवा मूल स्वतःच इतरांना त्रास देत असल्याची तक्रार येणे, असे काही चालू असेल तर तेही शक्यतो मूल सोबत नसताना सांगावे, म्हणजे पुस्तक त्याच्या हातात शिक्षा म्हणून पडणार नाही.