‘डूम’ : नेमापेक्षा पळापळ

आपल्याकडे अनेकांची नेमबाजीच्या गेमशी ओळख सायबर कॅफेतल्या ‘काउंटर-स्ट्राइक’मुळे झाली. त्यामुळे या प्रकारात नेम म्हणजेच सगळं, असा समज घट्ट बसलाय. पण ज्या ‘डूम’मुळे हा प्रकार घराघरांत पोचला, त्यात वर-खाली नेम धरायची सोयच नव्हती. राक्षस सज्जात असो की खड्ड्यात, बंदूक त्याच्या रोखाने वळवली की उंचीचं गेमच बघून घ्यायचा. खेळाडूने पळायचं.

हे एका रात्रीत सुचलेलं नाही. ‘डूम’ बनवणाऱ्या आणि टेक्सासमध्ये नुकतंच बिऱ्हाड हलवलेल्या आयडी सॉफ्टवेअर या कंपनीचा ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ हा आधीचा नेमबाजीचा गेम मे १९९२ मध्ये आला. मेलेला पहारेकरी ओढून लपवणं, त्याची झडती घेणं, असं बरंच काही त्यात असणार होतं. पण त्याने खेळ रेंगाळतोय म्हटल्यावर ते सगळं काढून टाकलं. माझ्या मते या प्रकाराच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय.

‘डूम’च्या वेळीही तेच. कंपनीतले डिझायनर टॉम हॉल यांनी लिहिलेलं लांबलचक कथानक बहुतेक बाजूला पडलं आणि गेम यायच्या आधी हॉलही कंपनीतून बाहेर पडले. प्रोग्रामर जॉन कारमॅक यांच्या इंजिनमुळे (म्हणजे गेमचं जग पडद्यावर उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे) सपाट, काटकोनी खोल्या जाऊन जिने, सज्जे, लुकलुकते दिवे आले. पहिल्या भागाच्या बहुतेक लेव्हल कंपनीतलेच डिझायनर जॉन रोमेरो यांच्या.

त्यातला इम्प नावाचा राक्षस बघा. तो आगीचा गोळा फेकतो, पण गोळा येताना दिसतो आणि धावणारा खेळाडू त्याच्याहून वेगवान असतो. तुम्ही बाजूला सटकलात आणि गोळा मागच्या गुलाबी राक्षसाला बसला, की तो चवताळून इम्पवरच धावून जातो. दोघांची जुंपली की आपण कोपऱ्यातून मजा बघायची! शॉटगनमध्ये काडतुसं भरत बसायची भानगड नाही. फक्त दोन बारांच्या मध्ये सेकंदभर थांबावं लागतं, तेवढ्यात जागा बदलायची.

१० डिसेंबर १९९३ रोजी पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर फुकट चढवायचा होता. वाट बघणाऱ्यांनी तिथे आधीच एवढी गर्दी केली होती, की खुद्द आयडीलाच आत शिरता येईना.

पुढे ‘क्वेक’ने (१९९६) राक्षसही त्रिमितीत आणले, ‘हाफ-लाइफ’ने (१९९८) कथा परत आणली. ‘कॉल ऑफ ड्यूटी २’मध्ये (२००५) जखम आपोआप भरून यायला लागली. म्हणजे भिंतीआड दबा धरणाऱ्याची चंगळ, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही. २०१६च्या नव्या ‘डूम’ने हा हिशेब उलटवला. झोकांड्या खाणाऱ्या राक्षसाला जवळ जाऊन हातांनी संपवलं की त्याच्यातून खेळाडूचा जीव भरून काढणारे तुकडे सांडतात, त्यामुळे जीव कंठाशी आलेल्या खेळाडूलाही पुढेच घुसावं लागतं.