गाडी घाटात तापतेय: रेडिएटर चोक झालाय की हेड गॅस्केट गेलंय?

कशेडीचा बोगदा सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. गणपतीला गावी निघालो होतो, गाडी 2006ची डिझेल, पोलादपूर सोडून चढण लागली आणि एरवी अर्ध्यावर गप्प बसणारा तापमानाचा काटा सरकत सरकत लाल पट्टीला टेकला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर बाटलीतून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, भसाभसा बाहेर. पुढच्या चार महिन्यांत थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलला, वॉटर पंप बदलला, रेडिएटर उघडून रॉडिंग केलं, म्हणजे सळई घालून नळ्या साफ केल्या, आणि शेवटी निघालं काय तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पातळ सील. त्यानंतर वर्षभरात मामाच्या जीपला अगदी हीच लक्षणं आली, तिथे मिस्त्रीने पहिल्याच दिवशी हेड उतरवलं, गॅस्केट ठणठणीत निघालं आणि रेडिएटर मात्र बोअरच्या पाण्याच्या क्षाराने आतून बुजलेला.

दोन्हीकडे घाटातच तापतं, दोन्हीकडे कूलंट कमी होतं, दोन्हीकडे बाटली उतू जाते. पण एका कामात काही हजार जातात आणि दुसऱ्यात हेड, लेथ, बोल्ट, गॅस्केट, मजुरी सगळं मिळून जुन्या गाडीच्या किमतीचा चांगलाच लचका तोडला जातो. त्यामुळे हेडला पाना लावायच्या आधी फरक ओळखता यायला हवा.

फरक कळतो तो क्रमावरून. रेडिएटर चोक असेल तर आधी इंजिन तापतं, मग सिस्टीममध्ये प्रेशर वाढतं. गॅस्केट गेलं असेल तर आधी प्रेशर येतं, तापणं त्याच्या मागून. डिझेल इंजिनात नुसत्या स्टार्टरवर फिरवताना सिलिंडरमध्ये 25-30 बार कॉम्प्रेशन असतं, डिझेल पेटल्यावर ते अजून कितीतरी वर जातं, आणि रेडिएटरचं झाकण साधारण 1 बारलाच प्रेशर सोडून देतं. मग गॅस्केटला केसाएवढी फट पडली तरी सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसतो, पाण्याला ढकलून बाटलीतून बाहेर काढतो, पाणी कमी पडलं की मग काटा वर.

म्हणून खरी तपासणी गरम गाडीवर करायचीच नाही, सकाळी गार गाडीवर करायची. रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन हाताला पूर्ण गार लागतंय याची खात्री करून झाकण हळू फिरवा. फुस्स आवाज आला तर कान टवकारा, कारण गरम पाण्याचं प्रेशर गार झाल्यावर उरत नाही, उलट थोडी ओढ लागते, पण आत शिरलेला गॅस रात्रभर तिथेच दबून बसतो. मग कूलंट लेव्हलला भरा, झाकण लावा, गाडी स्टार्ट करा आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) पंजात धरा. बेल्ट आणि फॅनपासून हात आणि बाही लांब ठेवा, इलेक्ट्रिक फॅन कधीही फिरतो. मिनिट-दोन मिनिटांत होज अजून गारच आहे पण दाबायला गेलं तर दगडासारखा कडक झालाय, असं झालं तर ते गॅस्केट किंवा मग हेडलाच तडा. माझ्या गाडीत असंच होतं, आणि चार महिन्यांत एकाही गॅरेजात कुणी तो होज सकाळी गार असताना धरून बघितला नव्हता, सगळे गाडी गरम करूनच बघायचे, आणि गरम गाडीचा होज तर चांगल्या गाडीचाही कडकच लागतो.

बुडबुड्यांवरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. नुकतंच कूलंट बदललं असेल तर आत अडकलेली हवाही बुडबुडे काढते, फरक एवढाच की हवा थोड्या वेळात संपते, गॅस संपत नाही आणि रेस केली की वाढतो. निळ्या पाण्याची टेस्टपण असते, कूलंटवरची हवा त्यातून ओढायची आणि पाणी पिवळं झालं तर आत जळलेला गॅस आहे. टेस्ट चांगली आहे, पण डिझेल इंजिन आयडलिंगला भरपूर जास्तीची हवा घेऊन चालतं, सायलेन्सरमधूनच कार्बन डायऑक्साइड कमी निघतो, त्यामुळे गाडी नुसती उभ्यावर चालू ठेवून टेस्ट केली आणि रंग बदलला नाही तर गॅस्केट चांगलंय असं धरू नका, एक चढ मारून आणा आणि झाकणाला हात लावण्याइतकी गार झाली की परत करा.

आता रेडिएटरची चाल बघा. काटा हळूहळू चढतो, चढ संपला, ॲक्सिलरेटर सोडला की तसाच हळूहळू उतरतो, एसी बंद केला की लगेच फरक पडतो, केबिनचा हीटर फुल केला तर अजून उतरतो कारण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. गॅस्केटवाल्या गाडीत काटा उड्या मारतो आणि हीटर मध्येच गार हवा फेकायला लागतो, कारण तिथे पाण्याऐवजी गॅसचा फुगा बसलेला असतो. रेडिएटरची खात्री करायला गाडी गरम करून इंजिन बंद करा आणि टेम्परेचर गन जाळीवर फिरवा, मध्येच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बुजल्यात. मामाच्या जीपचा खालचा जवळजवळ तिसरा हिस्सा गार होता. आणि एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारून नक्की बघा, तिथे धूळ, किडे, गवत यांची गोधडी तयार झालेली असते आणि समोरून काहीच दिसत नाही. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला गार राहते अशी गाडी असेल तर या दोन्हीपेक्षा आधी फॅन बघा.

ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली की लोक घाबरतात. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर ती साय वाफेनेही जमते, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर हेड उघडायची घाई नको.

एक विनंती मनापासून, गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकू देऊ नका. तो साधारण 82 ते 88 डिग्रीला उघडायला बनवलेला असतो, तो काढला की डिझेल इंजिन सपाट रस्त्यावर गारच चालतं, ॲव्हरेज पडतं, झीज वाढते आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

आणि गॅस्केटच आहे असं ठरलं तर हेड उतरल्यावर समोर उभे राहा. सरळ पट्टी ठेवून हेड वाकलंय का ते बघायला सांगा, वाकलं असेल तर फेसिंग (घासून सपाट) करण्याआधी त्या इंजिनाच्या हेडला फेसिंग चालतं का हे विचारा, काहींना कंपनीचीच मनाई असते. हेड बोल्ट बऱ्याच गाड्यांत ताणून बसवायचे असतात, ते एकदाच वापरायचे. आणि जुनं गॅस्केट भंगारात टाकू देऊ नका, डिझेलचं गॅस्केट बऱ्याचदा वेगवेगळ्या जाडीत येतं आणि जाडी कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात, त्या मोजा, फोटो काढा आणि मगच नवीन मागवा.