‘तीन महिन्यांत होईल’ हे कशावरून?

जळगावच्या एमआयडीसीतला डाळमिलवाला तूर घेताना आधी नमुना बघतो. ओल किती, माती किती, डाळ किती उतरेल याचा अंदाज घेतल्याशिवाय सौदा होत नाही. त्याच मिलमध्ये हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर आणायचं ठरलं, की मात्र ‘तीन महिन्यांत चालू करून देतो’ एवढ्या शब्दावर अ‍ॅडव्हान्स जातो.

हा अंदाज चुकतो, आणि तो कसा चुकतो यावर भरपूर संशोधन झालं आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अमोस ट्व्हर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवलं, की आपण स्वतःच्या कामाचे टप्पे मोजत बसतो. तसलीच कामं इतरांकडे कशी झाली, ते बघत नाही. 1994 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी 34 दिवसांत संपेल असं सांगितलं होतं, लागले जवळपास 56.

ऑक्सफर्डच्या बेंट फ्लुबिया आणि अलेक्झांडर बुझिअर यांनी 2011 मध्ये 1,471 आयटी प्रकल्पांचा हिशेब मांडला. खर्च सरासरी 27 टक्क्यांनी वाढला होता. तेवढ्यावर थांबलं तर वाटेल, थोडे जास्त पैसे बाजूला ठेवले की भागलं. पण सहापैकी एका प्रकल्पाचा खर्च सरासरी 200 टक्क्यांनी फुगला होता, म्हणजे 10 लाखांचं काम 30 लाखांवर. धंदा बुडतो तो या सहाव्यात. हे प्रकल्प फार मोठे होते, सरासरी 16.7 कोटी डॉलरचे. त्यामुळे त्यांचे आकडे मिलला जसेच्या तसे लावू नयेत. रीत मात्र घ्यावी. सॉफ्टवेअरवाल्याला विचारावं: याआधीच्या मिलना कोणती तारीख दिली होती, आणि नव्या सॉफ्टवेअरवर मिलचं पहिलं खरं बिल कधी निघालं?

उशीर झाल्यावर माणसं वाढवून काम आवरत नाही, उलट आणखी लांबतं, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलं आहे.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते फ्रेड डेव्हिस यांचं 1989 चं काम. माणूस नवी प्रणाली वापरतो ती मुख्यतः तिचा आपल्या कामाला उपयोग दिसला तर. सोपेपणाचा नंबर त्यानंतर. समजा, सकाळी तुरीची गाडी उतरली आणि भाव संध्याकाळी ठरणार आहे. स्क्रीन मात्र भाव टाकल्याशिवाय आवक नोंदवूच देत नाही. चुनी, म्हणजे डाळ भरडताना निघणारा चुरा, वेगळी विकली जाते, तिला रकानाच नाही. दिवाणजी अर्थातच लाल वही उघडतात. त्यांना कितीही ट्रेनिंग दिलं तरी ती वही बंद होणार नाही. त्यापेक्षा स्क्रीन बनवणाऱ्याने ऐन हंगामात आठवडाभर त्यांच्या शेजारी बसावं.

बार्बरा किचनहॅम, टोरे डिबो आणि मॅग्ने यॉर्गन्सन यांनी 2004 मध्ये पुराव्यावर आधारित सॉफ्टवेअर विकासाची कल्पना मांडली, ती वैद्यकशास्त्रावरून: कोणती रीत चालते ते मतावर नाही, गोळा केलेल्या पुराव्यावर ठरवायचं. आपल्याकडे असा पुरावा गोळा करणं अवघड नाही. बहिणाबाई चौधरी विद्यापीठातल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांनी प्रोजेक्ट म्हणून जळगावच्या डाळमिल, धुळ्याच्या जिनिंग, रावेरचे केळीव्यापारी यांच्याकडून तीनच गोष्टी लिहून आणाव्यात: ठरलेली तारीख, प्रत्यक्ष तारीख, आणि वही बंद झाली की नाही.