दोन्ही बारीक, दोन्ही टाईप-सी: व्हीआर हेडसेटला कोणती लावायची?

व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जगात खेळायचं यंत्र. मेटा कंपनीच्या क्वेस्ट 3 हेडसेटचं वजन 515 ग्रॅम. तेवढं डोकं सोसतं. त्रास होतो तो कॉम्प्युटरकडून येणाऱ्या जाड केबलचा, कारण मान वळवली की ती मागे ओढते. मग आपण बेळगावात खडेबाजारात जाऊन "लांब आणि बारीक टाईप-सी द्या" म्हणतो आणि दुकानदार 'फास्ट चार्जिंग, 100 वॅट' लिहिलेली केबल काढून देतो. ती हलकी असते, हे खरं. प्रकाशातून डेटा नेणारी ऑप्टिकल केबलही बारीक आणि हलकीच असते. दोन्हींची टोकंही सारखीच, म्हणून घोळ होतो.

चार्जिंगची केबल हलकी असते, कारण तिच्यात तारा कमी असतात. विजेच्या दोन आणि डेटाची एक जोडी, एवढाच मुख्य कारभार. हे यूएसबी 2.0, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 480 मेगाबिट, आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. 100 वॅट हा आकडा फक्त विजेचा. डेटा किती जाईल हे तो सांगत नाही.

यूएसबी 3 चा वेग 5 गिगाबिटपासून सुरू होतो. त्यासाठी आणखी पिळलेल्या जोड्या आणि त्यांच्यावर धातूचं आवरण लागतं, म्हणून केबल जाड होते. शिवाय साध्या तांब्यातून हा सिग्नल साधारण 3 मीटरनंतर ढिला पडतो. ऑप्टिकल केबलमध्ये याच वेगवान जोड्यांच्या जागी केसासारखे तंतू असतात. टोकांमधली चिप विजेचा सिग्नल प्रकाशात बदलते, पलीकडची परत विजेत. तांबं उरतं ते मुख्यतः वीज पुरवण्यापुरतं. मेटाची स्वतःची 5 मीटरची लिंक केबल याच जातीची आहे.

म्हणून जाड केबलची साल सोलून ती हलकी करू नका. आवरण गेलं की सिग्नलही बिघडतो.

मग चार्जिंगची केबल अगदीच निकामी का? नाही. क्वेस्ट लिंक, म्हणजे हेडसेट कॉम्प्युटरला जोडून तिथले खेळ खेळण्याची मेटाची सोय, 2020 पासून यूएसबी 2.0 वरही चालते. चित्र जास्त दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवावं लागतं, इतकंच. बसून खेळायच्या संथ खेळात ते खपून जातं. गाडी किंवा विमान चालवताना लांबचं सगळं पुसट दिसतं. माझं मत विचाराल तर आधी घरातली केबल लावून बघा, मगच पैसे घाला. कॉम्प्युटरवरच्या मेटाच्या ॲपमधली यूएसबी टेस्ट केबलचा खरा वेग दाखवते. एक टोक जुन्या चौकोनी यूएसबीचं असेल तर आत डोकावून पाहा: फक्त 4 पट्ट्या दिसल्या तर यूएसबी 2, त्यांच्या मागे खोलवर आणखी 5 असतील तर यूएसबी 3.

आता केबलचं वजन वरून उचलून धरण्याचं. शहापूर, वडगावकडच्या जुन्या घरात तुळईला पाळण्याची कडी असेल तर निम्मं काम झालंच. स्लॅबच्या घरात दोन-तीन हुक मारा. प्रत्येकाला आयडी कार्डाची ओढली की ताणणारी रीळ अडकवा आणि केबल तिच्या टोकाला वेल्क्रोच्या पट्टीनं धरा, आवळून बांधू नका. हेडसेटजवळ केबल आधी बाजूच्या पट्ट्याला बांधा आणि सॉकेटपर्यंत छोटा सैल वळसा सोडा. झटका बसला तर तो पट्ट्यावर जातो, सॉकेट वाचतं. बारीक चार्जिंग केबलला ही मांडणी उत्तम बसते. ऑप्टिकललाही बसते, पण रिळाजवळ तिला काटकोनात मुडपू नका आणि गाठ तर मारूच नका. तांब्याची तार तुटली तर मोबाईल दुरुस्तीवाला टोक बदलून देईल. आतला तंतू मोडला तर केबल टाकूनच द्यावी लागते.

बऱ्याच ऑप्टिकल केबलना दिशाही असते. कॉम्प्युटरचं टोक कोणतं ते छापलेलं असतं, हुकांवर चढवण्याआधी तेवढं बघून घ्या.